करंडकाला पागोटं

रविवार, होळीचा आदला दिवस. वेळ संध्याकाळी साडेपाच, प्रत्यक्षात सहाला दहा कमी. ठिकाण आमच्या सोसायटीचं पार्किंग, गाड्या बाहेर काढून मोकळं केलेलं.

हजर: सोसायटीचे अध्यक्ष, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. मी, सचिव. माझे यजमान, खुर्च्या लावणे आणि सरबत वाटणे या दोन कामांसाठी. सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पहिल्या रांगेत, घरून उतरवलेल्या स्वतःच्या खुर्चीवर. बत्तीसपैकी सव्वीस घरांतली मोठी माणसं आणि मोजायला एका जागी थांबत नाहीत अशी मुलं. जिने आणि आवार झाडणाऱ्या बाई, एरवी दुपारीच जाणाऱ्या पण आज सासूबाईंच्या आग्रहाने थांबलेल्या, चौथ्या खांबाला टेकून; खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. गैरहजर: नेहमीचेच.

ही नोंद माझ्या वहीतली, त्याच दिवशी केलेली. शाळेच्या ऑफिसात माझी नोकरी अर्धी हजेरीपटांत आणि अर्धी याद्यांत गेली, त्यामुळे घरीही हाताला तेच वळण आहे. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, सोसायटीची जाड निळी वही वेगळी. एखादी गोष्ट यादीत लिहिली की ती निम्मी झालीच, असा माझा पक्का समज होता. त्या संध्याकाळी तो सगळ्यांसमोर मोडला, आणि तो मोडताना मी आयुष्यात क्वचित हसले तेवढी हसले. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमच्याकडे होळीच्या आदल्या दिवशी शेलापागोटे होतात. शिमग्याला बोंब मारायची ती कागदावर मारा, एवढंच त्याचं स्वरूप. आठवडाभर आधी गेटजवळ फरसाणाचा मोठा पत्र्याचा डबा ठेवतो, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला ज्याच्याबद्दल जे म्हणायचं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून टाकायचं. नियम मी टाइप करून डब्यावर चिकटवले आहेत. एक, कुणाचं नाव लिहायचं नाही. दोन, कुणाचं रूप, आजार, जात यांवर लिहायचं नाही. तीन, चिठ्ठी जशी आहे तशी वाचली जाईल. चार, चिठ्ठी ज्याला लागू पडेल त्याने स्वतः उठून पुढे यायचं आणि वर्तमानपत्राचं पागोटं डोक्यावर घालून घ्यायचं.

तिसऱ्या नियमावरून आमचं दर वर्षी वाजतं. अध्यक्ष म्हणतात, "मॅडम, डबा आदल्या दिवशी उघडून एकदा नजर टाकून घेऊ. उगाच कुणाचं मन दुखायला नको."

"अध्यक्षसाहेब, आधी वाचल्या तर तुमच्यावरच्या निम्म्या चिठ्ठ्या कमी होतील," मी म्हणते.

"तेच तर म्हणतोय मी."

डबा काही मी उघडू देत नाही. नियम तो नियम. या वर्षीही मी हेच म्हणाले होते, अगदी ठासून.

आता त्या आधीच्या शुक्रवारची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या आवाराच्या बाई आपटा गावाच्या पुढच्या एका वाडीवरून येतात. डोंगराच्या कडेची वाडी आहे. तिथून आपट्यापर्यंत चालत आणि पुढे एसटीने. सकाळी सहाला घर सोडतात, आठला झाडू हातात घेतात आणि दोनला निघतात. सहा वर्षांत त्यांनी सांगितल्याशिवाय खाडा केला नाही. जिन्याच्या कठड्याखालची धूळसुद्धा पुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमच्या प्रभागात स्वच्छतेची स्पर्धा झाली तेव्हा पहिला नंबर आमच्या सोसायटीला मिळाला, तो सरळसरळ त्यांच्या हातांना होता. करंडक घ्यायला मात्र स्टेजवर आम्ही अकरा जण गेलो होतो. फोटो आहे. त्यात त्या नाहीत, कारण सकाळची वेळ होती आणि त्या जिना पुसत होत्या.

त्या शुक्रवारी त्यांनी मला मीटरच्या खोलीपाशी थांबवलं.

"ताई, होळी झाली की मी येनार नाय. न्हावा शेव्याच्या बाजूला गोदामात काम लागतंय. गाडी येते न्यायला."

"अहो, पण का? पगाराचं काही असेल तर मी सभेत मांडते."

"पगार इतकाच हाय."

"मग काम हलकं आहे का?"

"नाय. उभ्यानंच हाय दिवसभर." मग झाडूच्या काड्या जमिनीवर ठोकून सारख्या करत म्हणाल्या, "तिकडं बायकांना संडास हाय, ताई."

मी "अच्छा" म्हटलं. मान हलवली. वर आले, वही काढली आणि लिहिलं: ‘होळीनंतर आवारासाठी नवीन बाई पाहणे. तातडीचे.’ खाली रेघ मारली.

हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. त्यांनी मला कारण सांगितलं आणि मी त्याची यादी केली.

आणखी एक. त्या सहा वर्षांत आमच्याकडे कधी चहा प्यायल्या नाहीत. भर मे महिन्यात सरबत विचारलं तरी "नको ताई, आत्ताच पानी पिले" म्हणायच्या. मला त्याचं फार कौतुक होतं. मी ते चार ठिकाणी सांगायचे. "आमच्या बाईंना बघा, चहाचं व्यसन नाही. नाहीतर आपण, अकरा वाजले की डोकं धरून बसतो." एकदा तर सोसायटीच्या हळदीकुंकवात मी त्यांचं उदाहरण देऊन साधेपणावर दहा मिनिटं बोलले होते. त्या वेळी त्या दारात उभ्या होत्या आणि हसत होत्या. मला वाटलं, लाजून हसतायत.

असो. रविवारकडे येते.

डबा उघडला तेव्हा एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. वाचायला मीच. या कामाची गंमत अशी की वाचणाऱ्याला सगळ्यांची तोंडं समोरून दिसतात.

पहिली चिठ्ठी: "ज्या नळावर ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावली, त्याच नळाला पाइप लावून रोज गाडी धुणाऱ्यास. देव तुम्हांला दुसरी गाडी देवो."

तीन जण एकदम उठले. चौथ्याला त्याच्या बायकोने दंडाला धरून उठवलं.

"अहो, तुमची तर गाडीच नाही," कुणीतरी म्हणालं.

"स्कूटर आहे. पाइप तोच."

पागोटी चार लागली. माझ्या यजमानांनी बारा करून ठेवली होती. पहिल्याच चिठ्ठीला एक तृतीयांश संपली.

दुसरी: "‘साखर पूर्ण सोडली’ हे वाक्य फक्त दुसरा पेढा उचलताना म्हणणाऱ्यास." अध्यक्ष उठले. ते उठले नसते, पण त्यांच्या घरचे तिघेही एकाच वेळी त्यांच्याकडे बघत होते.

तिसरी: "ध्वनिप्रदूषणाविरुद्ध माईकवरून पाऊण तास बोलणाऱ्यास श्रोत्यांकडून कापूस सप्रेम भेट." यावर दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसता हसता शेजाऱ्याला विचारत होते, "कोण हो हे? कोण?" सगळं पार्किंग त्यांच्याकडे बघत होतं. मग हळूहळू त्यांचं हसणं बारीक झालं, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पाऊण तास नव्हता. पस्तीस मिनिटं." असं म्हणून ते स्वतःच पुढे आले. त्या दिवसातल्या सर्वांत जास्त टाळ्या त्यांना मिळाल्या.

"मुलांनो, मोबाइल बाजूला ठेवा, असं मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणाऱ्या आईस," या चिठ्ठीला पाच जणी उठल्या आणि एकच पागोटं फिरवून फिरवून फोटो काढले.

हे दर वर्षीचं आहे. ज्याच्यावर चिठ्ठी असते तोच सगळ्यात मोठ्याने हसतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसरा असतो. मग एक क्षण असा येतो की त्याला कळतं. तो क्षण समोरून बघायला मिळतो म्हणून मला हे काम आवडतं. सहा वर्षं मी वाचते आहे आणि सहा वर्षांत एकदाही पागोटं माझ्या डोक्यावर आलं नव्हतं. याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला होता.

एकोणिसावी चिठ्ठी घडी घातलेल्या वहीच्या पानाची होती. मी उघडली आणि नेहमीच्या आवाजात सुरू केलं.

"आपल्या स्वच्छतेच्या करंडकास. एकट्याला राहायला अख्खा संडास मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

हशा झाला. मीही हसले. पुढच्या ओळीवर नजर गेली आणि माझा आवाज जरा खाली आला, पण तिसरा नियम मीच केलेला, आणि समोर सव्वीस घरं.

"तुला कसलीच घाई नसते, तरी तुला जागा आहे. जिने तुला मिळवलं, ती सहा वर्षं सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत पाणी पीत नाही. तू असाच सुखात राहा. कुलूप मजबूत आहे."

कुणी हसलं नाही. चौथ्या खांबाजवळच्या बाई खाली बघत होत्या.

समजायला कुणालाच काही अडचण नव्हती. तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी बिल्डरने काम करणाऱ्या माणसांसाठी म्हणून एक संडास बांधून दिलेला आहे. नकाशात आहे. पहिल्या वर्षी तिथला पाइप चोंदला, म्हणून बंद केला. मग गणपतीचं मखर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते तात्पुरतं तिथे ठेवलं. मखराच्या सोबतीला बाकीचं गेलं. गेटवरचे काका समोरच्या पेट्रोल पंपावर जातात. पंपावरचा बायकांचा कायम बंद.

मी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली, वेळ काढायला म्हणून. तेव्हा अक्षर दिसलं. उजवीकडे कललेलं, ओळीच्या शेवटी वर चढत जाणारं. पंचवीस वर्षं मी ते अक्षर वाण्याच्या चिठ्ठीवर बघते आहे. मी यजमानांकडे पाहिलं. ते सरबताच्या पेल्यांत अत्यंत मन लावून बर्फ टाकत होते.

"चला तर," अध्यक्ष उठून उभे राहिले. "छान झाला कार्यक्रम. शेवटच्या चिठ्ठीतला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आपण तो पुढील सभेत घेऊ."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई मूळच्या उरणकडच्या. माहेर आणि सासर दोन्हीकडे मिठागरं, आणि लग्नानंतरची वीस वर्षं त्यांनी मिठाच्या पाट्या उचलल्या आहेत. मिठागरं गेली, आम्ही पनवेलला ब्लॉकमध्ये आलो, पण त्यांचं बोलणं आलं तसंच राहिलं. सकाळी नऊ ते अकरा त्या खाली बाकावर ऊन घेत बसतात. तेव्हा त्यांच्याशी बोलायला फक्त झाडणाऱ्या बाई असतात.

"चिट्टी वाचली, पन पागोटं कुठं दिलं?" त्या म्हणाल्या.

"काकू, ती चिठ्ठी करंडकावर आहे," अध्यक्ष हसत म्हणाले. "करंडक कसा उठून येणार?"

"त्याला पाय नाय, तर तुमी आना उचलून. ज्याच्यावर चिट्टी त्याला पागोटं. नियम हाय ना? काय गो सूनबाय, नियम कुनाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"मंग चावी आन."

आता मुलांनी ओरडायला सुरुवात केली. करंडकाला बोलवा, करंडकाला बोलवा. मी वर गेले. माझ्या घरात दाराजवळ सोसायटीच्या चाव्यांची फळी आहे, प्रत्येक खिळ्याखाली चिकटपट्टीवर नाव: गच्ची, पंप, मीटर, लिफ्टची खोली. सातव्या खिळ्याखाली लिहिलं होतं ‘इतर’. ती चावी काढताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण ‘संडास’ असं का लिहिलं नव्हतं.

खाली आले तर सगळी सोसायटी मीटरच्या खोलीपुढे दाटीने उभी होती. कुलूप गंजलेलं. यजमानांनी सरबताच्या टेबलामागून खोबरेल तेलाची बाटली काढली. एवढी तयारी पाहून माझी उरलीसुरली शंकाही गेली.

"तुम्ही तेलसुद्धा आणून ठेवलंत?" मी हळूच विचारलं.

"मला काही विचारू नको. आईने सांगितलं, मी लिहिलं. तेलही तिनेच सांगितलं."

कुलूप निघालं. दार अर्धंच उघडलं, कारण आतून मखराचा खांब आडवा आला होता. तो बाहेर ओढला. मग आतलं दिसलं, आणि तेव्हा जे हसू सुरू झालं ते सांगायला मला जमणार नाही. कमोडच्या झाकणावर, प्लॅस्टिकचा हार घातलेला, करंडक. त्याच्या मागे भिंतीला टेकवलेली आमची मोठी पाटी: ‘स्वच्छ आवार, आपला अभिमान’. एका बाजूला हात धुण्याचं बेसिन, त्यात स्पर्धेच्या वेळी वाटायला छापलेली, ‘स्वच्छतागृहाचा वापर करा’ असं सांगणारी पत्रकं, अख्खा गठ्ठा, सुतळीसुद्धा न सोडलेला.

निवृत्त शिक्षकांनी त्यातलं एक पत्रक उचलून मोठ्याने वाचायला घेतलं. दोन ओळींपुढे त्यांना वाचता येईना. अध्यक्ष भिंतीला हात टेकून हसत होते, डोळ्यांतून पाणी, तोंडाने "नाही, हे अति झालं, हे अति झालं" चाललेलं. आपण हसतो आहोत ते नेमकं कुणाला, हे त्या घटकेला सगळ्यांना माहीत होतं आणि तरी हसू थांबत नव्हतं. एरवी आमच्या सभेत कुणी कुणाला चुका दाखवल्या की खुर्च्या सरकतात, आवाज चढतात, महिनाभर लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. इथे कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं. फक्त दार उघडलं होतं.

झाडणाऱ्या बाई पुढे आल्या, आत डोकावल्या. पदर तोंडाला लावला. "अगं बाय," त्या म्हणाल्या, "कप पन काळा पडला. त्याला तरी पुसायला मला बोलवायचं."

करंडक बाहेर आणला, खुर्चीवर बसवला आणि त्याला पागोटं घातलं. टाळ्या झाल्या. मला वाटलं, संपलं.

"आता त्याच्या मालकाला," सासूबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. मग मला माझी निळी वही आठवली. तिच्यात दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक नोंद आहे, सहाही वर्षं, माझ्याच सुबक अक्षरात: ‘विषय क्रमांक सात, तळमजल्यावरील स्वच्छतागृह. पुढील सभेत घेणे.’ मी ती इतक्या नेमाने पुढे नेली होती की तिसऱ्या वर्षानंतर ती वाचायचीही गरज वाटेनाशी झाली. आणि शुक्रवारची ओळ तर ताजी होती. नवीन बाई पाहणे. तातडीचे.

मी पुढे गेले आणि मान खाली केली. यजमानांनी पागोटं घातलं. घालताना ते जरा घट्ट बसवलं, हे मी लक्षात ठेवलं आहे.

"कसं वाटतंय, मॅडम?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमचं कुठे आहे?"

"माझं पेढ्याचं आहेच की."

"ते वेगळं. हे वेगळं." त्यांनाही दुसरं घालून घ्यावं लागलं, पहिल्याच्या वर.

बाईंनी सवयीने खराटा हातात घेतला होता. सासूबाईंनी तो काढून घेतला. "तू बस इथं माझ्याजवळ. आज ते करतील." आणि मग पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसल्या, अगदी टोकाला. डोक्यावर दोन पागोटी घातलेले अध्यक्ष आणि माझे यजमान बादल्या घेऊन आत गेले. अध्यक्ष फरशी घासत कमी होते, घासायची कशी हे सांगत जास्त होते. थोड्या वेळाने बाईंना राहवेना. "साहेब, कोपरा राहिला." "साहेब, ब्रश उलटा धरलाय." "साहेब, पानी आधी टाकतात, पावडर मंग." सासूबाई मांडीवर हात मारून हसत होत्या.

मी बाहेर सामानाची यादी करत उभी राहिले. मखराचे आठ तुकडे, दोन पाट्या, एक फाटका ताडपत्रीचा तुकडा, विजेच्या माळा, पत्रकांचा गठ्ठा, करंडक. एकेक वस्तू कुणाच्या घरी ठेवायची ते विचारत गेले. मखराला गच्चीवरची टाकीची खोली मिळाली. माळा शिक्षकांनी घेतल्या. करंडकाचं विचारलं तर सगळे आकाशाकडे बघायला लागले. फोटोत अकरा जण होतो, पण घरात जागा एकाच्याही नव्हती. एकीला तो शोकेसमध्ये बसत नव्हता, एकाच्या घरी रंगकाम होतं. शेवटी मीच नेला. आमच्या फ्रिजवर, याद्यांच्या वर आहे सध्या. पागोटं काढलेलं नाही.

घरी गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? रोज तर घरात असतो आपण."

"सांगितलं व्हतं. दोन वर्सांमागं. तू वहीत लिवून घेतलंस."

मला आठवलं नाही. म्हणजे नक्की लिहिलं असणार.

पाय चेपून घेत त्या पुढे म्हणाल्या, "मिठागरावर आमी उजाडायच्या आत जायचो. मंग दिवसभर ऊन, आनि पानी प्यायचं नाय. तवा कुनी विचारलं तर आमी पन सांगायचो, तहान नाय लागत. तिथं आडोसाच नव्हता गो, कुनाला काय बोलनार? इथं आडोसा बांधून ठेवलाय, नि त्याला टाळा."

होळीच्या दिवशी प्लंबर मिळणं म्हणजे काय ते पनवेलमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. मी माझी फोनची यादी काढली आणि सातवा मिळाला. चोंदलेला पाइप त्याने पंचवीस मिनिटांत मोकळा केला. सहा वर्षं पुढे नेलेला विषय क्रमांक सात, पंचवीस मिनिटं. मी त्याला पुन्हा विचारलं, एवढंच होतं का. तो म्हणाला, "एवढंच होतं, मॅडम. तुम्ही बोलावलं नाही." दुपारी दिवा लावला, आतली कडी बसवली, बादली आणि टमरेल ठेवलं.

बाईंचं अजून काही ठरलं नव्हतं. सोमवारी जाताना मी विचारलं तर म्हणाल्या, "बघू. आदी नळाला पानी तर येऊ दे." त्यांनी विश्वास ठेवावा असं आम्ही सहा वर्षांत काही केलं नव्हतं, त्यामुळे मी जास्त बोलले नाही. ‘नवीन बाई पाहणे’ ही ओळ खोडायला मात्र माझा हात शिवशिवत होता. खोडली नाही. झाल्याशिवाय खोडायचं नाही, असं आता ठरवलं आहे.

धुळवडीला सुट्टी. बुधवारी त्या आठला आल्या. मी गॅलरीतून बघत होते, अर्थात कपडे वाळत घालत. सव्वानऊला मीटरच्या खोलीकडे गेल्या, आल्या. बाकावरच्या सासूबाईंना काहीतरी म्हणाल्या, दोघी हसल्या. पुन्हा झाडायला लागल्या. साडेदहाला आमची बेल वाजली. दारात त्या, हात धुतलेले, पदराला पुसत.

"ताई, चहा टाकता का?" त्या म्हणाल्या. "आनि साखर जरा जास्त टाका."

मी टाकला. त्या दोन कप प्यायल्या. दुसरा कप बशीत ओतून, फुंकर घालत, अगदी सावकाश. मग कप विसळून पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "गोदामवाल्याला सांगितलं, दुसरी बघ म्हनून. त्याची गाडी पन लई हादरे देते." त्या खाली गेल्यावर मी वही काढली आणि ती ओळ खोडली. फ्रिजकडे पाहिलं. करंडक पागोट्यासकट माझ्याकडे बघत होता. त्या आठवड्यापासून आमच्या घरी अकराऐवजी साडेदहाला चहा होतो आणि चहापत्ती महिन्याला एक पाकीट जास्त लागते.

संडासाची चावी एकच आहे. ती आता माझ्या फळीवर नाही. गेटवरच्या काकांच्या केबिनमध्ये खिळ्याला असते. काका आणि बाई, दोघांत मिळून एक. चिकटपट्टीवर मी स्पष्ट अक्षरात ‘संडास’ लिहून दिलं आहे.

हे सगळं झाल्यावर महिन्याभरात कमिटीची बैठक झाली. अध्यक्षांनी विषय काढला, "मॅडम, तळमजल्याची एक डुप्लिकेट चावी करून तुमच्याकडे ठेवा. शिस्त म्हणून. शिवाय पावसाळ्यात मखर टाकीच्या खोलीत भिजेल, तेवढ्यापुरतं तात्पुरतं..." ते वाक्य पूर्ण करता करता स्वतःच थांबले आणि हसायला लागले. पण विषय मांडला गेला होता, त्यामुळे नोंद घेणं भाग होतं. मी घेतली.

चावीवाला बाजारात भाजीगल्लीच्या तोंडाशी बसतो. माझ्या रोजच्या वाटेवर आहे, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर तीन बैठका झाल्या. निळ्या वहीत तिन्ही ठिकाणी ओळ आहे, माझ्याच सुबक अक्षरात: ‘डुप्लिकेट चावी करणे. पुढील सभेत घेणे.’